टेनिस सामन्याचा अंदाज कसा बांधतात आणि भावात काय दडलेलं असतं

सामन्याआधी वाचायला मिळणाऱ्या बहुतेक भाकितांच्या शेवटी एक नाव असतं. अमुक जिंकणार, दोन सरळ सेटमध्ये. एवढंच लिहिलं असेल तर त्याला अंदाज म्हणता येत नाही. जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धरली आहे की ८५, हे कळल्याशिवाय त्या नावाचा उपयोग नाही. नाव दोन्ही वेळा तेच येणार, पण शंभरात ४५ वेळा चुकणं आणि १५ वेळा चुकणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. टक्का हाती आला तरी निम्मंच काम होतं. बुकीने लावलेला भाव त्या टक्क्याच्या मानाने जास्त देतोय की कमी, हे बघणं उरतंच. त्यामुळे जो खेळाडू जिंकेल असं तुम्हाला मनापासून वाटतं, त्याच्यावर पैसे लावणं तरीही तोट्याचं ठरू शकतं.

पुढे जे आहे ते हे गणित कसं चालतं त्याबद्दल आहे, पैज लावायचं आमंत्रण नाही. अनेक देशांत ऑनलाइन पैजेवर पूर्ण बंदी आहे, काही ठिकाणी परवाना लागतो. आपल्या देशाचा कायदा आधी बघावा. गणित समजून घ्यायला मात्र कुठेच बंदी नाही, आणि सामना बघताना त्याची मजाही येते.

भाव म्हणजे उलटा केलेला टक्का

दशांश पद्धतीत भाव १.५० असेल तर १०० लावून जिंकल्यावर १५० हातात येतात, म्हणजे आपलेच १०० आणि वर ५०. हरलं की १०० गेले. १ ला भावाने भागलं की त्या भावात गृहीत धरलेली शक्यता निघते. १.५० मधून ६६.७ टक्के निघतात. समोरच्या खेळाडूचा भाव २.६० असेल तर त्यातून ३८.५ टक्के. (ब्रिटिश पद्धतीत १.५० ला १/२ लिहितात आणि अमेरिकी पद्धतीत उणे २००. आकडे वेगळे दिसले तरी गोष्ट एकच.)

आता दोन्हींची बेरीज करा. ती १०५ च्या थोडी वर जाते. टेनिसमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही, म्हणजे खरी बेरीज १०० हवी. वरचे पाच टक्के हे बुकीचं मार्जिन. ते काढून टाकायचा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही टक्क्यांना बेरजेने भागणं. मग ६३.४ आणि ३६.६ उरतात. बाजाराचं खरं मत हे असं समजायचं. यात एक खोच आहे. बुकी मार्जिन दोन्ही बाजूंना सारखं लावतोच असं नाही. मोठ्या भावाच्या, म्हणजे हरण्याची शक्यता जास्त असलेल्या खेळाडूवर ते बहुधा जास्त चढवलेलं असतं. १५ किंवा २० चा भाव बघून तोंडाला पाणी सुटतं, पण दीर्घकाळात सगळ्यात जास्त पैसा तिथेच बुडतो.

मार्जिनचा अर्थ नीट समजायचा तर दोन अगदी तुल्यबळ खेळाडू घ्या. दोघांचाही भाव १.९०. अशा पैजांमध्ये नुसता तोटा टाळायलाही १०० पैकी जवळपास ५३ वेळा बरोबर यावं लागतं. निम्म्या वेळा बरोबर येणारा माणूस लावलेल्या दर १०० मागे ५ गमावत राहतो. असे चार सामने एकत्र बांधून एक पैज लावली की मार्जिनवर मार्जिन चढतं आणि दर १०० मागे सरासरी साडेअठरा जातात. एकत्र पैजांची जाहिरात एवढ्या जोरात का होते, ते यात आलं.

पॉइंटपासून सामन्यापर्यंतची शिडी

टेनिसचा अंदाज फुटबॉलपेक्षा काही बाबतींत सोपा आहे, आणि त्याचं कारण गुणपद्धतीत आहे. सामना शे-दीडशे छोट्या लढतींचा बनलेला असतो. प्रत्येक लढतीत थोडीशी आघाडी असली तरी वरच्या पायरीवर ती फुगत जाते.

समजा एखादा खेळाडू प्रत्येक पॉइंट ५२ टक्के शक्यतेने जिंकतो. मग त्याची गेम जिंकण्याची शक्यता ५५ टक्के होते, सेट जिंकण्याची ६४, तीन सेटच्या सामन्यात ७० आणि पाच सेटच्या सामन्यात ७५. पॉइंटमधली दोन टक्क्यांची आघाडी सामन्यात वीस-पंचवीस टक्क्यांची होते. रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथच्या पदवीदान समारंभात हाच मुद्दा स्वतःच्या कारकिर्दीवरून सांगितला होता. १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के.

पाच सेटचा सामना चांगल्या खेळाडूच्या पथ्यावर पडतो, तेही यातूनच दिसतं. पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये, जिथे सामने पाच सेटचे असतात, अव्वल खेळाडूंचे भाव इतर स्पर्धांपेक्षा पडलेले असतात, त्यामागे त्यांची ‘मोठ्या स्पर्धेतली मानसिकता’ थोडी आणि हे साधं गणित बरंच असतं.

शिडीला एक कच्ची पायरीही आहे. जास्त पॉइंट जिंकणारा सामना जिंकतोच असं नाही. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ पॉइंट जिंकले आणि नोवाक जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ असा पुढे, सर्व्हिस त्याचीच आणि गेममध्ये ४०-१५. सर्व्हिस करणारा तीनपैकी दोन पॉइंट जिंकतो असं धरलं, तर त्या क्षणी फेडररची सामना जिंकण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या पुढे निघते. जोकोविचने दोन्ही मॅच पॉइंट वाचवले, गेम घेतली आणि सामना ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जिंकला. सामन्यातले तिन्ही टायब्रेक त्याचे. २०१० मधल्या जॉन इस्नर आणि निकोला माहू यांच्या तीन दिवस चाललेल्या सामन्यातही माहूचे ५०२ आणि इस्नरचे ४७८ पॉइंट होते, आणि शेवटचा सेट इस्नरने ७०-६८ असा नेला. अशा सामन्यांनंतर अंदाज ‘चुकला’ म्हणतात. ९८ टक्के म्हणजे पन्नासात एकदा असं होणारच, हे त्या आकड्यातच लिहिलेलं असतं.

एक हिशेब शेवटपर्यंत

प्रत्यक्षात दोन्ही खेळाडूंचे सर्व्हिसवरचे आकडे वेगळे घ्यावे लागतात, कारण टेनिसमध्ये सगळ्यात मोठा फरक सर्व्हिस कोणाची यावर पडतो. पुरुषांच्या एटीपी दौऱ्यावर सर्व्हिस करणारा साधारण ६४ टक्के पॉइंट जिंकतो, महिलांच्या डब्ल्यूटीए दौऱ्यावर ५६-५७ टक्के. महिलांच्या सामन्यात सर्व्हिस जास्त वेळा भेदली जाते (सर्व्हिस करणारीच ती गेम हरते, याला ब्रेक म्हणतात) ती यामुळेच. तिथे एकदा सर्व्हिस भेदली गेली म्हणून सेट गेला असं धरून चालणं चूक.

हिशेबासाठी अ आणि ब असे दोन पुरुष खेळाडू घेऊ. अ सर्व्हिसवर ६६ टक्के पॉइंट जिंकतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर ३९ टक्के. ब सर्व्हिसवर ६५ आणि रिटर्नवर ३६. दौऱ्याची सरासरी सर्व्हिसवर ६४, रिटर्नवर ३६.

रीत अशी: खेळाडूची सर्व्हिस सरासरीपेक्षा किती चांगली ते मिळवायचं, समोरच्याचा रिटर्न सरासरीपेक्षा किती चांगला ते वजा करायचं. अ साठी ६४ अधिक २, वजा शून्य, म्हणजे ६६. ब साठी ६४ अधिक १, वजा ३, म्हणजे ६२. या सामन्यात अ सर्व्हिसवर ६६ टक्के पॉइंट घेईल आणि ब ६२, हा आपला पाया झाला.

एका गेममध्ये सर्व्हिस राखण्याची शक्यता यावरून थेट काढता येते. ६६ टक्क्यांवर ती जवळपास ८५ टक्के येते, ६२ वर ७८ टक्के. (ताडून बघण्यासाठी आणखी काही आकडे: ५५ वर ६२ टक्के, ६० वर ७४, ६५ वर ८३, ७० वर ९०.) हे सेटच्या गणितात घातलं की अ ची सेट जिंकण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के निघते. तीन सेटच्या सामन्यात ६९ टक्के, पाच सेटच्या सामन्यात ७३. स्प्रेडशीटमध्ये हे एकदा मांडून ठेवलं की पुढच्या वेळी फक्त दोन आकडे बदलायचे.

६९ टक्क्यांचा न्याय्य भाव १ भागिले ०.६९, म्हणजे १.४५. बाजारात अ चा भाव १.५५ असेल तर ०.६९ गुणिले १.५५ म्हणजे १.०७, कागदावर दर १०० मागे ७ चा फायदा. भाव १.४० असेल तर तेच गणित ०.९७ वर येतं आणि पैज तोट्याची ठरते. खेळाडू तोच, अंदाज तोच. ‘अ जिंकणार’ हे वाक्य दोन्हीकडे लागू आहे.

याच आकड्यांतून सेटचा निकालही निघतो. अ २-० ने जिंकण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या किंचित खाली, २-१ ने २९, ब २-१ ने १७ आणि ब २-० ने १४. सगळ्यात संभाव्य निकाल ‘सरळ दोन सेटमध्ये अ’ हाच, पण तो दहापैकी सहा वेळा लागत नाही. भाकितात ‘सरळ सेटमध्ये’ असं ठासून लिहिलेलं दिसलं की हे आठवावं.

हिशेब कुठे फसतो

वरचं गणित निर्दोष आहे. त्यात घातलेले आकडे तसे नाहीत, आणि बहुतेकांचा घात इथेच होतो.

अ चा ६६ टक्के हा आकडा आला कुठून? समजा त्याच्या गेल्या १,००० सर्व्हिस पॉइंटवरून. तीन सेटच्या सामन्यात एक खेळाडू साधारण ६० ते ८० पॉइंट सर्व्हिस करतो, म्हणजे हे तेरा-पंधरा सामने झाले. एवढ्या नमुन्यावर निव्वळ योगायोगाने दीड टक्का इकडेतिकडे होणं अगदी साधं आहे. आता अ चा आकडा खरं तर ६५ आणि ब चा ६३ असेल, म्हणजे दोन्हीकडे फक्त एकेक टक्क्याची चूक झाली असेल, तर अ ची सामना जिंकण्याची शक्यता ६९ वरून ६० वर उतरते. न्याय्य भाव १.४५ वरून १.६७ होतो. मघाशी ७ चा फायदा दाखवणारी १.५५ ची पैज आता दर १०० मागे ७ चा तोटा दाखवते. शिडी वर चढताना आघाडी फुगते तशी चूकही फुगते.

म्हणून अनुभवी लोक कच्चा आकडा तसाच वापरत नाहीत. तो सरासरीकडे ओढून घेतात. नमुना जितका लहान तितकी ओढ जास्त. पाच-सहा सामन्यांवरून ‘फॉर्म’ ठरवणं म्हणजे बरंचसं योगायोगालाच नाव देणं. २०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये एमा राडुकानू जागतिक क्रमवारीत १५० वी होती, पात्रता फेरीतून आली आणि दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून विजेती झाली. स्पर्धेआधी तिच्याबद्दल वरच्या दर्जाच्या सामन्यांची माहिती इतकी तुटपुंजी होती की खात्रीचा आकडा कुणालाच काढता आला नसता.

दुसरी अडचण कोर्टाची. हिरवळीवर सर्व्हिस जास्त चालते, मातीवर कमी, हार्ड कोर्ट मध्ये कुठेतरी. तेव्हा आकडे कोर्टनुसार वेगळे करावे लागतात. पण वेगळे केले की नमुना लहान होतो, आणि हिरवळीचा हंगाम तर जेमतेम काही आठवड्यांचा. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. यावर पक्का तोडगा नाही. बहुतेक जण सगळ्या कोर्टांचा आणि त्या कोर्टाचा आकडा मिसळून घेतात, निम्मा-निम्मा हे सुरुवातीला ठीक. शिवाय ‘माती’ म्हणजे सगळीकडे एकच माती नव्हे. माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचावर आहे. विरळ हवेत चेंडू वेगाने जातो आणि तिथे चांगली सर्व्हिस करणाऱ्यांचं फावतं. पॅरिसच्या मातीवरचे निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावू नयेत. छताखालच्या कोर्टवर वारा आणि ऊन नसतं, तिथेही सर्व्हिसला बळ मिळतं.

तिसरी गोष्ट, आकडे कुणाविरुद्ध कमावले. दुय्यम दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धांत मिळवलेले ६८ टक्के मुख्य दौऱ्यावरच्या ६४ पेक्षा कमी दर्जाचे असू शकतात. प्रतिस्पर्ध्याचा दर्जा हिशेबात न घेता केलेली तुलना फुकट आहे. पात्रता फेरीतून आलेला खेळाडू आणि दौऱ्यावरचा नियमित खेळाडू यांच्या सामन्यात ही चूक हमखास होते.

क्रमवारी, एलो आणि आमनेसामने

क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांत मिळवलेल्या गुणांवर ठरते. ग्रँड स्लॅम विजेत्याला २,००० गुण, त्याखाली १,०००, ५०० आणि २५० च्या स्पर्धा. स्पर्धेत कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणाला मानांकन द्यायचं यासाठी ही पद्धत उत्तम आहे. उद्या कोण जिंकेल यासाठी ती बनवलेलीच नाही. समोर कोण होतं याकडे ती बघत नाही, फक्त कितव्या फेरीपर्यंत पोचलात ते बघते. कधीकधी तेही बघत नाही. २०२२ मध्ये विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर बंदी घातली, त्यामुळे त्या स्पर्धेचे क्रमवारीचे गुण काढून घेतले गेले. एलेना रिबाकिना विजेती झाली आणि तिला त्याचे शून्य गुण मिळाले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनला तिचं मानांकन २२ वं होतं. तिने चौथ्या फेरीत अव्वल क्रमांकाच्या इगा श्वियाँतेकला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. मानांकनाचा आकडा बघून अंदाज बांधणाऱ्यांना तो धक्का होता, बाकीच्यांना फारसा नव्हता.

त्यापेक्षा एलो पद्धत बरी. बुद्धिबळासाठी आर्पाड एलो यांनी ती तयार केली. प्रत्येक सामन्यानंतर हरणाऱ्याचे काही गुण जिंकणाऱ्याकडे जातात, आणि निकाल जितका अनपेक्षित तितके जास्त जातात. दोन खेळाडूंमध्ये १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची शक्यता ६४ टक्के, २०० वर ७६, ४०० वर ९१. कोर्टनिहाय वेगळी एलो ठेवता येते. सर्व्हिसचा हिशेब आणि एलो, दोन्ही काढून त्यांची सरासरी घेतली तर एकट्या कशापेक्षाही आकडा सहसा स्थिर मिळतो. दोन्हींत दहा-बारा टक्क्यांचा फरक पडला तर कुठेतरी काहीतरी निसटलं आहे, बहुधा कोर्ट किंवा प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा.

आमनेसामनेचा हिशेब वाचायला रंजक, पण वापरायला नाजूक. फेडरर आणि राफेल नदाल ४० वेळा खेळले, नदाल २४-१६ ने पुढे. यातले १६ सामने मातीवर झाले आणि त्यातले १४ नदालने जिंकले. माती वगळली तर फेडरर १४-१० ने पुढे आहे. दोघे कुठे भेटले यावरच एकूण आकडा ठरला. चाळीस सामन्यांचं हे, तर ‘२-० ने आघाडीवर’ या वाक्याला किती वजन द्यायचं? जवळपास काहीच नाही. अपवाद खेळाच्या शैलीचा. डावखुऱ्याची उंच उसळणारी सर्व्हिस एखाद्याच्या एकहाती बॅकहँडला सतत नडत असेल तर ती खरी माहिती आहे. पण ती पॉइंटच्या आकड्यांत दिसली पाहिजे, नुसत्या हार-जितीत नाही.

त्या दिवशीच्या गोष्टी

आधीच्या दोन सामन्यांत कोर्टवर किती तास गेले, विश्रांतीचा दिवस मिळाला का, आदल्या आठवड्यात दुसऱ्या खंडात अंतिम सामना खेळून विमानातून थेट उतरला का, याची नोंद घ्यावी. दुखापतीबद्दल खेळाडू खरं सांगत नाहीत, आणि त्यांनी का सांगावं? सर्व्हिसचा वेग मात्र लपत नाही. पहिल्या सर्व्हिसचा वेग नेहमीपेक्षा बराच खाली आणि दुहेरी चुका वाढलेल्या, हे खांदा, पोट किंवा पाठ दुखत असल्याचं चांगलं लक्षण. पुरुष पहिल्या सर्व्हिसवर ७० टक्क्यांच्या वर आणि दुसरीवर ५० च्या आसपास पॉइंट जिंकतात, म्हणून पहिली सर्व्हिस आत पडण्याचं प्रमाण घसरलं की बाकी काही न बदलताही एकूण आकडा खाली येतो.

‘जिद्द’, ‘प्रेरणा’, ‘घरचं मैदान’ या गोष्टी भाकितांत परिच्छेदच्या परिच्छेद खातात. त्यांना टक्क्यात मांडता येत नसेल तर सोडून द्याव्यात. ग्रँड स्लॅमच्या ऐन आदल्या आठवड्यातल्या छोट्या स्पर्धेत मोठे खेळाडू जोर राखून खेळतात, एवढी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी.

पैज लावण्याआधी नियम वाचा, विशेषतः माघारीचा

खेळाडू कोर्टवर आलाच नाही आणि समोरच्याला पुढे चाल मिळाली, तर पैज रद्द होते आणि पैसे परत येतात. सामना सुरू झाल्यावर कुणी मधेच सोडला तर काय, यावर मात्र एकमत नाही. काही बुकी पूर्ण सामना झाला तरच निकाल धरतात. काही एक सेट पूर्ण झाला की पुढे गेलेल्याला विजेता मानतात. काहींकडे पहिला पॉइंट खेळला गेला की पुरे. सामना एकच, भाव एकच, तरी तुमच्या हातात काय पडतं ते या ओळीवर अवलंबून असतं. दुखापतीचा संशय असलेल्या फेव्हरिटविरुद्ध पैज लावणाऱ्याला ‘पूर्ण सामना’ हा नियम सगळ्यात वाईट, कारण ज्या कारणासाठी पैज लावली नेमकं ते घडलं की पैज रद्द.

सामन्यात एकूण किती गेम होतील यावरच्या पैजेत शेवटच्या सेटचा नियम बघावा. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये निर्णायक सेट ६-६ वर गेला की दहा पॉइंटचा टायब्रेक होतो. त्याआधीची जुनी आकडेवारी एकूण गेमसाठी वापरली तर ती फुगलेली निघेल. ७०-६८ सारखे सेट आता होणार नाहीत.

सामना चालू असताना

आपल्या उदाहरणातला अ पहिला सेट हरला तर त्याची शक्यता ६९ वरून ४० टक्क्यांवर येते, जिंकला तर ८६ वर जाते. हे आकडे आधीच काढून ठेवले असतील तर सेट संपल्यावर भाव किती हलायला हवा होता आणि किती हलला ते दिसतं. एका ब्रेकने घाबरून भाव जास्त पडतो असं बरेच जण मानतात. कधी पडतोही. पण चालू सामन्यात प्रेक्षक बुकीच्या मागेच असतो. पंच खुर्चीतल्या टॅब्लेटवर पॉइंट नोंदवतात, तो आकडा थेट बुकीकडे जातो आणि पडद्यावरचं चित्र काही सेकंद उशिरा पोचतं. तुम्ही जो पॉइंट बघून उडी मारता तो तिकडे आधीच भावात आलेला असतो, आणि मार्जिनही सामन्याआधीपेक्षा बहुधा जास्त.

किती लावायचं, आणि नोंद काय ठेवायची

किती रक्कम लावायची याचं सूत्र जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलं. जिंकल्यास मिळणारा निव्वळ नफा गुणिले जिंकण्याची शक्यता, त्यातून हरण्याची शक्यता वजा, आणि उत्तराला निव्वळ नफ्याने भागायचं. १.५५ भाव आणि ६९ टक्के घातले की एकूण रकमेच्या १२.६ टक्के लावा असं उत्तर येतं. हेच ६० टक्के घातले तर उत्तर उणे येतं, म्हणजे काहीच लावू नका. मघाशी पाहिलं की ६९ आणि ६० मधला फरक दोन्हीकडच्या एकेका टक्क्याच्या चुकीचा आहे. म्हणून जाणकार केलींच्या सूत्राने आलेली पूर्ण रक्कम कधीच लावत नाहीत; चौथा हिस्सा, इथे सुमारे ३ टक्के, हीदेखील बरीच रक्कम झाली. हरलेले पैसे वसूल करायला पुढची रक्कम दुप्पट करणं ही पद्धत खातं रिकामं करण्याचा सगळ्यात जलद उपाय आहे.

‘खात्रीच्या टिप्स’ विकणाऱ्यांची एक जुनी युक्ती ठाऊक असू द्या. १,०२४ जणांना संदेश पाठवायचा, निम्म्यांना अ जिंकणार म्हणून, निम्म्यांना ब. ज्यांना चुकीचं सांगितलं ते सोडून द्यायचे. पाच सामन्यांनंतर ३२ जण उरतात, ज्यांनी डोळ्यांदेखत पाचपैकी पाच अंदाज खरे होताना पाहिले. मग त्यांच्याकडून पैसे मागायचे. ‘फिक्स्ड मॅच’ विकणारे तर त्याहून वाईट. संशयास्पद सामने टेनिसमध्ये झाले आहेत आणि खेळाडूंवर बंदीही आली आहे. आज हे काम आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्था बघते. पण ज्याच्याकडे खरोखर अशी माहिती असेल तो ती अनोळखी लोकांना किरकोळीत का विकेल?

स्वतःचे अंदाज तपासायचे तर पैसे न लावताही तपासता येतात. वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक सामन्यासाठी तारीख, कोर्ट, आपला टक्का, त्या वेळचा भाव, सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव आणि निकाल लिहा. आपला टक्का सामन्याआधी लिहिलेला हवा, नंतर आठवून नाही. निकालानंतर टक्क्याची चूक काढून तिचा वर्ग करा. ६९ टक्के म्हणालात आणि तो जिंकला तर ०.३१ चा वर्ग ०.१०, हरला तर ०.६९ चा वर्ग ०.४८. याची सरासरी म्हणजे ब्रायर गुण, कमी तितका चांगला. प्रत्येक सामन्याला डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याच्या खाली हवीच, पण खरी स्पर्धा मार्जिन काढलेल्या शेवटच्या भावाच्या सरासरीशी आहे, आणि तिला हरवणारे फार थोडे.

शेवटचा भाव लिहून ठेवायचं कारण असं, की नफा-तोट्यावरून कौशल्य कळायला फार वेळ लागतो. १.९० भावाच्या १,००० पैजा लावल्या तरी निव्वळ योगायोगाने निकाल तीन टक्के वरखाली होऊ शकतो. म्हणजे खरोखर तीन टक्के आघाडी असलेला माणूसही हजार पैजांनंतर साध्या कमनशिबाने बरोबरीत दिसू शकतो, आणि आघाडी नसलेला फायद्यात. शेवटच्या भावाशी तुलना मात्र शंभर-दोनशे सामन्यांतच बोलू लागते. तुम्ही १.५५ ला नोंदवलेला खेळाडू सामना सुरू होताना वारंवार १.४५ वर येत असेल तर तुम्हाला काहीतरी दिसतंय. १.६५ वर जात असेल तर बाजाराला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.